कान दिसायला छान आहेत

नवजात बाळांचे कान तपासायला शिकवणं हे काम मी कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या अंगावर घेतलं. मोबाइल तेव्हा नुकते कुठे दिसायला लागले होते आणि निम्म्या वसई-विरारचे फोन शेजाऱ्यांकडे होते. मला वाटलं होतं, नायगावपासून विरारपर्यंतच्या नर्सिंग होममधून एक मशीन फिरवायचं, सिस्टर आणि डॉक्टर लोकांना दोन दोन दिवस शिकवायचं, की झालं! एकही बहिरं बाळ नजरेतून सुटणार नाही. ते तसं झालं नाही. किस्से मात्र ढिगाने जमले. मशीनबरोबर रबराच्या इवल्या टोप्या यायच्या, त्या धुऊन पुसून परत डबीत बसायच्या. किस्से कुठल्याच डबीत बसेनात. चहाचा कप हातात आला की एकामागून एक बाहेर पडायचे.

काम काय होतं ते आधी सांगते. बाळ झोपलेलं असताना कानात ती टोपी बसवायची. मशीन आत टिकटिक असे बारीक आवाज सोडतं. आतला कान चांगला असेल तर तो अगदी पुसट असा प्रतिध्वनी परत पाठवतो. तो मिळाला की पडद्यावर ‘पास’, नाही मिळाला की ‘रेफर’. रेफर म्हणजे बहिरं नव्हे. रेफर म्हणजे पुन्हा तपासा. जन्मानंतर कानात चिकटा असतो, त्यानेही रेफर येतं. म्हणून महिनाभराने दुसरी तपासणी. तीही रेफर आली तर मुंबईला मोठी तपासणी, आणि खरंच ऐकू येत नसेल तर सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र. बाळ बोलायला वर्षाने लागतं, पण भाषा गोळा करायला जन्मापासून लागतं. त्यातले गेलेले महिने परत मिळत नाहीत.

म्हणजे आमचं सगळं शिकवणं ‘पुन्हा या’ या दोन शब्दांवर उभं होतं. आणि लोक पुन्हा येत नव्हते!

आमची टीम म्हणजे तीन माणसं. एक मी, श्रवणतज्ज्ञ. दुसरे बालरोगतज्ज्ञ डॉ. केणी, ज्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. तिसऱ्या फिलोमिना सिस्टर. विरारच्या ज्या नर्सिंग होममध्ये आमचा तळ होता तिथल्या त्या हेड सिस्टर. राहायच्या नंदाखालला, आणि डब्याच्या पिशवीत घरच्या वाडीतली केळी असायचीच. मी चिडले की त्या एक केळं पुढे करायच्या. मी बरीच केळी खाल्ली.

“हेमांगी,” केणी सर म्हणायचे, “बाळांना तू शिकायला वर्ष देतेस. आम्हा मोठ्यांना दोनच दिवस?”

*

पहिली अडचण शांततेची. मशीनला शांतता लागते. जरा कुठे आवाज झाला की ते अडून बसतं आणि पडद्यावर ‘गोंगाट’ अशा अर्थाची खूण दाखवतं. आमच्या नर्सिंग होमच्या बरोबर खाली एका बँजो पार्टीची खोली होती. लग्नसराई आली की दुपारभर प्रॅक्टिस.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. आठ-दहा सिस्टर गोल करून उभ्या, बाळ मोठ्या मुश्किलीने झोपलेलं, मी टोपी बसवली, आणि खालून सुरू! मशीन थांबलं. परत लावलं. परत सुरू! शेवटी फिलोमिना सिस्टर गॅलरीत गेल्या आणि खाली ओरडल्या, “अहो दादा, जरा दम धरा!”

बँजो थांबला. दोन मिनिटांनी त्यांचा मास्तर स्वतः जिना चढून वर आला. भला माणूस. चपला बाहेर काढून दारात उभा राहिला.

“काय झालं सिस्टर? कोणी सीरियस आहे का?”

“नाही हो. बाळाला ऐकू येतं की नाही ते बघतोय.”

“मग आम्ही थांबलो कशाला?” मास्तर म्हणाला. “वाजवतो ना! आत्ता कळेल!”

*

नर्सिंग होमचे मालक डॉ. दळवी. स्त्रीरोगतज्ज्ञ, साठी ओलांडलेले, अर्ध्या विरारला त्यांनीच जन्माला घातलेलं. वॉर्डात सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचे. माझ्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता, पण कुतूहल होतं. एकदा राउंड घेता घेता ते आमच्या वर्गात आले आणि म्हणाले, “बाळ रडतंय ना? मग माझ्या कानात लावून दाखवा. मी रडत नाही.”

मोठ्या माणसांच्या कानातही ते लावता येतं, फक्त टोपी मोठी लागते. फिलोमिना सिस्टरनी टोपी बसवली. मोठे डॉक्टर डोळे मिटून खुर्चीत बसले. उजवा कान : रेफर. डावा कान : रेफर. पुन्हा लावलं. पुन्हा तेच!

साठीनंतर हे होतं, त्यात काही विशेष नाही. पण ते मोठ्या डॉक्टरांना सांगायचं होतं. सगळ्या सिस्टर पडद्याकडे आणि मग फिलोमिना सिस्टरकडे बघायला लागल्या. रेफर आलं तर स्पष्ट सांगायचं, हा धडा मी अर्ध्या तासापूर्वीच दिला होता.

फिलोमिना सिस्टरनी मशीन बंद केलं, पदराने हात पुसले आणि हसून म्हणाल्या, “एकदम छान आहेत, डॉक्टर.”

मोठ्या डॉक्टरांनी डोळे उघडले.

“काय म्हणालीस?”

*

या ‘एकदम छान’चं मूळ मला हळूहळू कळलं. फिलोमिना सिस्टरनी सगळी नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात काढलेली. तिथला त्यांचा एकच नियम : बाळंतिणीसमोर वाईट बोलायचं नाही. दूध आटतं, जीव घाबरा होतो, सव्वा महिना तरी तिच्या कानावर चांगलंच पडलं पाहिजे. काही सांगायचंच असेल तर बाहेर, पुरुषमाणसाला, तेही जिना उतरताना. आणि हा नियम एकट्या त्यांचा नव्हता. नायगावपासून विरारपर्यंत ज्या ज्या सिस्टरला मी शिकवलं, त्या प्रत्येकीचा हाच होता!

म्हणून मी वर्गात नाटक करून घ्यायला लागले. एकीने आई व्हायचं, मांडीवर उशी घ्यायची. दुसरीने सिस्टर होऊन तिला सांगायचं की पहिली तपासणी रेफर आहे, महिन्याने पुन्हा या. एवढं एक वाक्य.

पहिल्या दिवशी आई झालेली सिस्टर खरीखुरी रडायला लागली. दुसरीने तिला मिठी मारली, तिसरी पाणी आणायला धावली, चौथी उशी थोपटायला लागली. वर्ग संपला!

दुसऱ्या दिवशी मी फिलोमिना सिस्टरनाच पुढे बोलावलं. त्या आईसमोर बसल्या. तिचा हात हातात घेतला.

“बाळ छान आहे हो तुमचं,” त्यांनी सुरुवात केली. “वजन छान. रंग छान. जावळ तर काय, बघत राहावं!”

“सिस्टर, कान,” मी म्हणाले.

“सांगते ना. नाक बघा कसं तरतरीत!”

“सिस्टर, कान!”

सिस्टरनी उशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे अगदी काकुळतीने पाहिलं.

“कानही छान आहेत,” त्या म्हणाल्या. “दिसायला.”

वर्ग हसून हसून लोळला. मी नाही हसले. कारण त्याच महिन्यात एका खऱ्या बाळाच्या आईला त्या हेच सांगून बसल्या होत्या.

*

ते बाळ म्हणजे एक मुलगी. आई सुनंदा. तिचं माहेर विरारचं, म्हणून बाळंतपण आमच्याकडे. सासर जूचंद्रचं. मुलीचे दोन्ही कान रेफर आले होते, चिकटा नसतानाही. अशा बाळाची मला धास्ती वाटते. सुनंदाला सांगितलं गेलं, “सगळं छान आहे, जमलं तर महिन्याने एक चक्कर मारा.” सगळं छान असल्यावर चक्कर कोण मारतं! सव्वा महिना झाला आणि सुनंदा बाळाला घेऊन सासरी गेली.

मी हटून बसले. या मुलीला आणायचंच. उशीर झाला तर तिचं बोलणं जाईल, तिची शाळा जाईल, आणि तेही आपण वेळेत ओळखलेलं असताना!

तिच्या सासरचा फोन पी.पी. होता. म्हणजे नंबर शेजारच्या किराणा दुकानाचा. दुकानदार हाक मारणार, मग घरातलं कुणीतरी येणार. आमचा प्रशिक्षणातला दुसरा कडक नियम म्हणजे बाळाचा निकाल फोनवर कुणालाही सांगायचा नाही, शेजाऱ्याला तर मुळीच नाही. हा नियम मात्र फिलोमिना सिस्टरना मनापासून पटला होता. काही सांगू नका, हे त्यांना उत्तम जमायचं. पहिला फोन त्यांनीच केला.

“हॅलो, विरारहून बोलतेय, हॉस्पिटलमधून. सुनंदाच्या घरच्यांना सांगा, बाळाला घेऊन पुन्हा या म्हणावं… कशासाठी ते फोनवर नाही सांगता येत… नाही हो दादा, नाही सांगता येत… हो, बाळालाच आणायचं. बाळाशिवाय काय उपयोग?”

दोन दिवसांनी निरोप आला, येतो. आले नाहीत.

पुन्हा फोन. दुकानदार म्हणाला, पोर मामाकडे गेली आहे. मामा विरारचा! मामाकडे विचारलं तर तिथे नाही.

तिसऱ्यांदा मीच फोन केला. दुकानदाराने माझं पूर्ण ऐकून घेतलं, घसा खाकरला, आणि म्हणाला, “बाय, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. इथं कोणाला बाळ झालेलंच नाय.”

*

मधल्या काळात डॉक्टर लोकांचं प्रशिक्षण होतं. एका रविवारी दवाखानेवाले वीसेक डॉक्टर जमले. त्यांत नायगाव पूर्वेचे एक डॉक्टर अगदी पुढच्या रांगेत, हाताची घडी घालून. मी मशीनबद्दल बोलायला लागले तर ते म्हणाले, “मॅडम, एवढा खर्च कशाला? मी टाळी वाजवून बघतो. आजवर एकदाही चुकलो नाही.”

“दाखवा,” मी म्हणाले.

लसीसाठी आलेला एक तान्हा मुलगा त्याच्या आईने मोठ्या हौसेने पुढे केला. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यामागे जाऊन फाडकन टाळी वाजवली. मुलाने डोळे मिचकावले. टाळ्या! डॉक्टरांनी सगळ्यांकडे मान लववली.

“आता तसेच हात आणा,” मी म्हणाले, “पण टाळी वाजवू नका. हात एकमेकांना लागू देऊ नका.”

त्यांनी तसेच हात जोरात आणले आणि मध्येच थांबवले. आवाज नाही. वारा मात्र मुलाच्या मानेला लागला. मुलाने डोळे मिचकावले.

डॉक्टर मुलाकडे बघत राहिले.

“मुलगा हुशार आहे,” ते म्हणाले.

चहाच्या वेळी मात्र तेच आमच्याकडे आले. माणूस मोकळा होता. म्हणाले, “वाऱ्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं बरं का.” मग बिस्किट बुडवत म्हणाले, “तुमचं ते विरारचं नर्सिंग होम ना? तिथे काय भानगड झाली आहे हो? परवा जूचंद्रचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. आजी, मुलगा, सून. विचारत होते, पोर कुणाची ते रक्तावरून सांगता येतं का.”

“का बरं?” केणी सरांनी विचारलं.

“त्यांचं म्हणणं, तुमच्याकडे दोन बाळांची अदलाबदल झाली आहे. आता हॉस्पिटलवाले सारखे फोन करतात. कशाला ते सांगत नाहीत, म्हणतात फक्त बाळ आणा!”

“जेजू!” फिलोमिना सिस्टरनी छातीवर क्रूस काढला आणि कप खाली ठेवला.

“आणि आजी काय म्हणाली माहीत आहे?” डॉक्टर म्हणाले. “म्हणाली, रक्त दुसऱ्याचं निघालं तर आम्हाला सांगू नका. आम्ही पोर देणार नाही.”

*

दुसऱ्याच दिवशी फिलोमिना सिस्टर आणि मी नायगावला उतरून रिक्षाने जूचंद्रला गेलो. जाताना मी सिस्टरना बजावलं होतं, आज काय ते स्पष्ट. सिस्टर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला केळंही दिलं नाही.

ओटीवर आजी सुकट निवडत बसली होती. हिराबाय तिचं नाव. सिस्टरचे पांढरे कपडे बघितले आणि सूप बाजूला सारून ती सरळ उंबऱ्यात जाऊन बसली. आख्खा उंबरा अडवून.

“पोर नाय घरात,” ती म्हणाली. आम्ही अजून काही विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला.

“ती शेजारची,” हिराबाय म्हणाली.

“आजी,” मी म्हणाले, “बाळ तुमचंच आहे. काही बदलाबदली झालेली नाही.”

“मग परत कशाला पायजे तुमाला?”

“तिचे कान तपासायचे आहेत.”

“कान!” हिराबायने गोळा झालेल्या बायकांकडे बघितलं. “तीन येला फोन केला, कानाचं एक अक्षर काढलं नाय. आज दोन बाया रिक्षा करून आल्या, तर म्हने कान! निमित्त हाय कानाचं. पोर न्यायची हाय यांना!”

माझा पारा चढायला लागला होता. केवढं समजावून सांगायचं होतं मला! एकेक दिवस जातोय, त्या दिवसाचं काय, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर सिस्टरनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्या ओटीच्या पायरीवर बसल्या.

“आजी, नाळ मी कापली. पुसून, गुंडाळून मीच तिला सुनंदाच्या कुशीत दिली. त्या दिवशी दुसरं बाळच नव्हतं वॉर्डात. बदलणार कोणाशी?”

हिराबाय उंबऱ्यात जराशी सरकली. दाराच्या फटीतून सुनंदा पुढे आली. कडेवर बाळ. मोठे डोळे, कपाळावर रुपयाएवढी तीट.

“सिस्टर,” ती हळूच म्हणाली, “तुम्हीच तर बोलला होता, कान छान आहेत.”

सिस्टरनी मान खाली घातली. आता त्या ‘दिसायला’ म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “तेव्हा मी पूर्ण बोलले नाही. दोन्ही कानांची तपासणी नीट आलेली नाही, सुनंदा. पुन्हा करायलाच पाहिजे. तिला ऐकू येत नसेल, तर ते आत्ता कळलं पाहिजे.”

सुनंदाने बाळाला घट्ट धरलं. हिराबाय एकदा सुनेकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिली. तिचा कानांवर अजूनही विश्वास बसलेला दिसला नाही. पण सुनेच्या चेहऱ्यावर काय ते तिने वाचलं असावं.

“येते,” ती म्हणाली. “पन पोर माझ्या मांडीवरशी हलनार नाय.”

“नाही हलणार.”

“आनि दारावर मानसं माझी!”

*

आले ते टेम्पो करून आले. सुनंदा, तिचा नवरा जयवंत, हिराबाय, काका, काकू, आणखी चारपाच जण. बाळाचं नाव एव्हाना मयुरी ठेवलेलं होतं. मयुरीला कपाळावर तीट, गालावर तीट, हनुवटीवर तीट, आणि दोन्ही तळपायांना तीट.

“इतकी दृष्ट लागते?” केणी सरांनी कौतुकाने विचारलं.

“दृष्टीची नाय ती,” हिराबाय म्हणाली. “वळखायची हाय.”

पुढच्या दाराशी दोन माणसं उभी राहिली, मागच्या दाराशी दोन, जिन्याच्या तोंडाशी काका. खाली जयवंतने बँजोवाल्यांना जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण त्या दिवशी तास दीड तास विरार पूर्वेला इतकी शांतता होती की मशीनसुद्धा गांगरलं असेल!

त्याच वेळी एका दुसऱ्या बाळंतिणीला घरी सोडायचं होतं. तिचं बाळ कुशीत घेऊन आमची एक सिस्टर दाराकडे निघाली, तर दारावरच्या माणसाने हात आडवा घातला. सिस्टर घाबरली. मोठे डॉक्टर धावत आले. “अहो, कोण तुम्ही? काय चाललंय हे?”

त्या माणसाने शांतपणे दुपट्याचा कोपरा उचलला, बाळाचा एक तळपाय बघितला, दुसरा बघितला, आणि दुपटं परत नीट केलं.

“आमची नाय,” तो म्हणाला. “जाऊ द्या.”

आतल्या खोलीत मयुरी आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती. मी टोपी बसवली. उजवा कान. डावा कान. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

मशीनचं म्हणणं बदललं नाही.

*

मग मुंबईची मोठी तपासणी. तिथे बाळाच्या डोक्याला तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. तिथल्या मॅडमनी हिराबायला बाहेर थांबायला सांगितलं. हिराबाय थांबली नाही. पूर्ण तपासणी होईपर्यंत मयुरीचा पाय तिच्या मुठीत होता.

त्या तपासणीचा निकाल सांगायला आम्ही त्यांना विरारला बोलावलं. मयुरीला चौथा महिना लागला होता. सगळे तसेच टेम्पोने आले, दारांवर माणसं तशीच उभी राहिली. हिराबायच्या हिशेबाने खरा धोका आजच होता. तपासणी संपली, आता हे लोक पोर मागणार!

आत केणी सरांच्या खोलीत आमचा वेगळाच प्रश्न. सांगायचं कुणी? एवढे महिने आम्ही सगळ्या वसई-विरारला सांगायला शिकवत होतो आणि आता तिघेही एकमेकांकडे बघत होतो. माझी वाक्यं पाठ होती, तरी मी पुढे होईना. केणी सर म्हणाले, मी सांगतो.

“नको,” फिलोमिना सिस्टर म्हणाल्या. “सुनंदाला मीच सांगायला पाहिजे.”

सुनंदा आणि जयवंत समोर बसले. हिराबाय बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला पाठ लावून. सिस्टरनी खुर्ची पुढे ओढली, सुनंदाच्या डोळ्यात बघितलं. वजन नाही, रंग नाही, जावळ नाही.

“सुनंदा, मयुरीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. जन्मापासून येत नाही. यात तुमची कुणाची चूक नाही. आत्ता लगेच यंत्र लावलं, रोज तिच्याशी बोलत राहिलो, शिकवलं, तर ती बोलायला शिकू शकेल. आपल्याला उशीर झालेला नाही.”

अक्षरशः मी शिकवलं होतं तसं. पण मी इतकं हळू कधी बोलले नव्हते.

सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. जयवंत टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिला. यानंतर घरच्यांना गप्प राहू द्यायचं, हेही आम्हीच शिकवलेलं.

मग भिंतीकडून आवाज आला. “म्हंजी… कानाचंच होतं?”

“हो आजी,” सिस्टर म्हणाल्या. “कानाचंच.”

“जन्मापासून ऐकत नाय?”

“नाही.”

“इथनंच अशी नेलेली आमी?”

“इथूनच. अशीच.”

हिराबाय उठली. बाळाला छातीशी धरून तरातरा खोलीच्या बाहेर गेली. मी दचकून उभी राहिले. वाटलं, झालं, आता ही टेम्पोत बसणार आणि मुलगी पुन्हा हाती लागणार नाही! जयवंतही उठला.

पण ती परत आली. मागच्या दारावर पहाऱ्याला उभी असलेली एक तरुण मुलगी तिने मनगटाला धरून आणली होती.

“ही कुंदा. माझी धाकटी. पोरीची आत्या,” हिराबाय म्हणाली. “आईच्या पोटातनं अशीच आली. ऐकत नाय, बोलत नाय. हिच्या येला कोन सांगनारंच नव्हतं.”

तिने कुंदाकडे तोंड केलं. स्वतःच्या कानाला हात लावला, नाही म्हणून हलवला, आणि बोट मयुरीवर ठेवलं. कुंदा बघत राहिली. मग तिने दोन्ही हात पुढे केले. इतके दिवस कुणालाही न दिलेली पोर हिराबायने तिच्या हातात दिली.

“ते यंत्र का काय ते लावा तुमी. आजच लावा,” ती सिस्टरना म्हणाली. मग डोळे पुसले, आणि दारावरच्या, जिन्यावरच्या, खालच्या टेम्पोतल्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली :

“आमचीच हाय रे! आत्यावर गेली! जयवंता, बर्फी आन!”